कासाबाईच्या कणग्या

ग्यानबानं घराला तिसरा खण काढला तो कोकरांसाठी. थंडीत आणि झडीत बारकी कोकरं माणसांच्या पायांत येत, चुलीपाशी लेंड्या टाकत, रात्रभर ओरडत. म्हणून त्यानं वर्षभर सवडीनं माती वाहिली, बाभळीच्या तुळया घातल्या, वर माळवद करून पांढऱ्या मातीनं लिंपलं, आणि दसऱ्याला दाराला तोरण बांधून बायकोला म्हणाला, "घे, तुझी चूल मोकळी झाली आता."

कासाबाई आत गेली. चारी कोपऱ्यांत फिरली. भिंतीला तळहात लावून ओल आहे का ते पाहिलं. मग दारात येऊन म्हणाली, "कोकरं पडवीत राहत्याल. ह्यो खण मला पायजे."

"कामून?"

"दाणागोटा ठेवायला."

ग्यानबाला हसू आलं. "आपल्या घरात दाणा हाय किती, अन् त्याला आख्खा खण?"

"आज न्हाई. होईल," ती म्हणाली आणि केरसुणी आणायला गेली.

ही एकोणपन्नास सालची गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या खालच्या अंगाला गोदावरीकडं जाताना वडपिंपळा नावाचं गाव होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ओढा. गावाच्या कडेला मेंढक्यांची घरं होती, त्यात ग्यानबाचं एक. मुरमाड रानाचा एक तुकडा होता, पण पोट चालायचं ते मेंढरांवर. दिवाळी झाली की कळप बाहेर पडायचा. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखत पडलं की खुशीनं ज्वारी घालायचे. जी ज्वारी यायची ती शिजायची. चालत्या माणसानं साठवायचं कुठं आणि वाहायचं कशावर? कासाबाईच्या माहेरीही हीच रीत. एका घोड्यावर जेवढं मावेल तेवढा संसार.

ती रीत तिच्या मनातून उतरली ती आदल्या वर्षी. रझाकारांच्या धामधुमीत गावं ओस पडायला लागली तेव्हा मेंढक्यांची घरं कळप घेऊन बालाघाटाच्या डोंगरात शिरली. ग्यानबा, कासाबाई, त्यांची रांगती लेक आणि सासू म्हाळसाबाई. खाली कुठल्याच बाजाराला जायची सोय उरली नव्हती. सोबतची ज्वारी पावसानं भिजली आणि तिला मोड आले. मीठ तर पाणी होऊन गोणपाटातूनच गळून गेलं. दूध होतं, पण नुसत्या दुधावर मोठी माणसं किती दिवस काढणार? अळणी पाला उकडून खाताना घास तोंडात फिरायचा. अशा वेळी म्हाळसाबाईनं आपल्या गाठोड्यातून भोपळ्याचं एक तुंबं काढलं. त्यात ज्वारीच्या लाह्यांचं पीठ होतं. ना चूल लागे, ना तवा. चिमूट चिमूट दुधात कालवून ती नातीला चारायची. तुंब्याचं तोंड तिनं मेणानं बंद केलेलं, म्हणून आतलं पीठ भर पावसात कोरडं राहिलं होतं.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं, मुलूख हिंदुस्थानात आला, तशी माणसं परतली. घर उभं होतं. पण घरामागं जमिनीत खणलेलं पेव कुणीतरी उकरलं होतं. डोंगरात जाताना नेता न आलेली भावकीतल्या चार घरांची ज्वारी त्यात घाईनं पुरली होती. आता तिथं नुसतं पावसाचं पाणी. ग्यानबानं दोन शिव्या हासडल्या आणि मेंढरांकडं गेला. कासाबाई मात्र पेवाच्या काठावर बराच वेळ बसून होती. चोरीचा राग तिला आला नाही असं नाही. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं: सगळं एकाच ठिकाणी ठेवलं, म्हणून सगळं एकदम गेलं. सगळी ज्वारीच होती, म्हणून मिठावाचून हाल झाले. आणि ज्या एका गोष्टीनं लेकरू तगलं, ती तुंबाभर होती.

असा तो खण तिला हवा झाला होता.

पहिल्या वर्षी त्या खणात ठेवायला फारसं काही नव्हतंच. रोजच्या दळणातून ती दोन मुठी ज्वारी बाजूला काढायची. मेंढरं बसवल्याचं धान्य आलं की आधी त्यातलं चिपटं-दोन चिपटं खणात जायचं, मग बाकीचं चुलीकडं. तूर निघाल्यावर तिनं ग्यानबाला तुराट्या आणायला लावल्या आणि कणगी विणायला बसवलं. तो कुरकुरला, पण त्याचा हात विणकामात चांगला होता आणि एकदा बसला की त्याला उठवावं लागे. उंच, पोटात फुगीर अशी कणगी तयार झाली. कासाबाईनं ती आतून-बाहेरून शेणमातीनं सारवली, दगडांच्या पायांवर बसवली, आणि बुडाशी मूठ जाईल एवढं भोक ठेवून त्यात चिंध्यांचा बोळा घातला. नवी ज्वारी वरून ओतायची, खायची ती खालच्या भोकातून काढायची. म्हणजे जुनं आपोआप आधी संपायचं आणि कणगी कधी शिळी व्हायची नाही.

तिची जाऊ तानुबाई शेजारीच वेगळी राहायची. जिभेची तिखट, पण मनात काही ठेवणारी नव्हे. ती एकदा खणात डोकावून गेली आणि म्हणाली, "ज्वारी, हुलगे, तूर. हे तर रोजच गिळायलोत. अडीनडीला ठेवायचं तर कायतरी चांगलं ठेवावं बाई. तांदूळ ठेव, साखर ठेव."

"अडचणीत लेकरं नवं खात न्हाईत," कासाबाई म्हणाली. "भाकरच मागत्यात. जे रोज पोटात जातंय तेच ठेवायचं. म्हंजी खाण्यात राहतंय अन् नासत न्हाई."

"ठेव बाई. गावच्या उंदरांची फिकीर तूच कर."

उंदीर नाही आले, पण दुसरी फजिती झाली. पुढल्या साली मेंढरं बाहेर काढायची घाई होती. आडव्या पावसात भिजलेली ज्वारी तिनं दोन दिवस उन्हात टाकली आणि वाळली असं समजून कणगीत भरली. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली तर खणाचं दार उघडताच उबट, आंबूस वास अंगावर आला. कणगीत हात घातला तर आत गरम लागलं. ज्वारीचे काळपट गोळे झाले होते आणि त्यात सोंडे वळवळत होते. मेंढरांनीसुद्धा तोंड लावलं नसतं. ती कणगी तिनं एकटीनं उपसली, उकिरड्यावर टाकली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

म्हाळसाबाईला सुनेचा हा नाद पहिल्यापासून पसंत नव्हता. भरलेलं घर चोराला बोलावतं, असं तिचं म्हणणं. पण नासलेली ज्वारी म्हातारीनं उकिरड्यावर जाऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला उन्हात वाळत टाकलेल्या तुरीजवळ बसवलं.

"दाताखाली धर एक दाणा."

कासाबाईनं धरला.

"कट वाजलं का?"

"न्हाई. दबला नुसता."

"मंग आनखी ऊन पायजे. कट वाजल्याबिगर दाणा आत घालायचा न्हाई. माजा आजा पेव भरायच्या आदी असंच बघायचा. आमी पोरी दाणे चावून चावून बेजार व्हायचो."

तेव्हापासून म्हाळसाबाई खणाची राखणदार झाली. तिच्या तोंडात डाव्या बाजूला दोनच दाढा उरल्या होत्या. त्या दोन दाढांनी पास केल्याशिवाय एक दाणा कणगीत जात नसे. घाई केली की म्हातारी खणाच्या दारात बूड टेकून बसायची आणि उठायची नाही. ग्यानबा म्हणायचा, "निजामाच्या जकातनाक्यावरसुद्दा इतकी तपासणी नव्हती."

हळूहळू खण भरत गेला. एकीच्या तीन कणग्या झाल्या, मग चौथी. मूग आणि उडीद राखेत कालवून मडक्यांत. हुलग्यांत कडुनिंबाचा पाला. मीठ तीन रांजणांत वाटून, तोंडं मेणकापडानं बांधून, भिंतीपासून लांब. चिंचेचे गोळे, गूळ, वाळल्या मिरच्या. उन्हाळ्यात माळवदावर गवारीच्या आणि वांग्यांच्या उसऱ्या, म्हणजे चिरलेली भाजी, वाळायच्या, हरभऱ्याचा पाला वाळायचा, बाजरीच्या खारोड्या पडायच्या. येसर तर तिच्या हातचा वासावर ओळखू यायचा. धान्य-डाळी खरपूस भाजून मसाल्यासकट दळलेलं ते पीठ नुसत्या उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार. आणि दरसाल ताज्या लाह्यांचं पीठ. एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या गोवऱ्या आणि तुराट्या. त्या पाहून मात्र तानुबाईनं तोंडाला पदर लावला होता. रानात सरपण पडलेलं असताना घरात कुणी साठवतं का?

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई भित्री आहे. तसं नव्हतं. खणात शिरली की तिला बरं वाटायचं. त्या अंधारात कडुनिंबाचा, चिंचेचा, शेणमातीचा मिळून एक वास असायचा. कणगीवर बोटानं टिचकी मारली की आवाजावरून कळे, दाणा कुठवर आहे. भरल्या जागी बद्द, रिकाम्या जागी पोकळ. सकाळी भाकरीसाठी ज्वारी काढायला जाताना ती सहज चारही कणग्या वाजवायची, जशी दुसरी बाई जाताजाता लेकराच्या डोक्यावरून हात फिरवते.

मग पंचावन्न साली, हैदराबाद राज्य मोडायच्या आदल्या वर्षी, भादव्यात, झड लागली.

धो धो पाऊस असता तर एका रात्रीत येऊन गेला असता. हा तसा नव्हता. बारीक, संथ, दिवसरात्र. सूर्य म्हणून दिसेना. आठवडा गेला, दुसरा लागला. ओढा चढला आणि पालमची वाट बुडाली. नदीला तर समुद्रासारखं पाणी, नाव कुणी घालेना. रानात पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत रुतायचा, म्हणून मजुरीची कामं बंद. गावात भिंती बसायला लागल्या. एका दुपारी धप्प असा आवाज आला आणि लिंबाजी नावाच्या मजुराच्या घराची पाठभिंत ओल्या पिठासारखी खाली आली. माणसं वाचली, ती शेजाऱ्याच्या पडवीत गेली.

गावात धान्य नव्हतं असं नाही. दत्तराव पाटलाची दोन पेवं ज्वारीनं भरलेली होती, आणखी चार-पाच मोठ्या शेतकऱ्यांचीही. पण ती सगळी जमिनीच्या पोटात. वरून पाणी चालू असताना पेवाचं तोंड उघडणार कोण? एकदा पाणी आत गेलं की वर्षाची ज्वारी सडायची. शिवाय पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत ते तसंच उघडं ठेवावं लागतं, नाहीतर आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. घरोघरी वर काढलेली ज्वारी होती, ती संपत आली. पायाखाली धान्य आणि डब्यात काही नाही, अशी गत झाली.

एका सकाळी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन पाटलाची बायको नर्मदाबाई कासाबाईच्या पडवीत आली. मेंढरांच्या गर्दीतून वाट काढत, लुगडं सावरत. अशी ती या घराकडं कधी आली नव्हती. तिच्या हातात करडईच्या तेलाची कासंडी होती.

"रिकाम्या हातानं येऊ वाटंना," ती म्हणाली.

कासाबाईनं घोंगडं अंथरलं. "बसा माय. अशा पावसात कामून आलाव? सांगावा धाडायचा."

नर्मदाबाई बसली. पदरानं तोंड पुसलं. "आमच्या घरापुरतं निघल कसंबी. पण गडी-मजूर दारात येयलेत सकाळ-संध्याकाळ. त्यांची ज्वारी आमच्याकडूनच असती. काल लिंबाजीची बायको येऊन उभी राहिली. म्या तिला पेव उघडलं की देते म्हनलं, तर ती म्हनली, पेव कवा उघडल? म्हनून तुमच्याकडं आले." तिनं कासंडी पुढं सरकवली. "तुमच्याकडं वर ठेवलेलं हाय म्हनत्यात. पाऊस उघडला की दुप्पट घालते."

"दुप्पट कशाला," कासाबाई म्हणाली. "जेवढ्याला तेवढं. पण मला घरात इचारू द्या."

घरात विचारायचं म्हणजे म्हाळसाबाईला. म्हातारी आत चुलीपाशी सगळं ऐकत होती. "मला ठावंच होतं," ती म्हणाली. "भरलेल्या घराची खबर लागती. आता आपुन काय खायाचं?"

कासाबाई खणात गेली. कणग्या वाजवून पाहिल्या. रांजणांची तोंडं सोडून मीठ बघितलं. बाहेर आली तेव्हा तिचा हिशोब झाला होता. "थोरली कणगी आपली. तिला हात लावायचा न्हाई. बाकीच्या तीन उघडायच्या. येकदम न्हाई, रोजच्या रोज. पाऊस महिनाभर टिकला तरी आपलं लेकरू उपाशी राहत न्हाई, आत्या."

म्हाळसाबाईनं चुलीतली राख उकरली. डोंगरातले ते दिवस तिलाही आठवले असावेत. मग म्हणाली, "मीठ मी वाटनार. तुजा हात सैल हाय."

दुसऱ्या दिवसापासून ग्यानबाच्या पडवीत रोज सकाळी माणसं यायला लागली. कुणी कुणाच्या घरचं शिजलेलं खायचं नाही असे ते दिवस. पण कोरड्या दाण्याला तसला विटाळ नव्हता. घरात तोंडं किती तेवढं माप. कासाबाईनं एकच सांगितलं: ज्याच्याकडं जे असेल ते त्यानं आणावं. म्हणून कुणी कारळं आणलं, कुणी लसणाची गड्डी, कुणी वाळकी बोरं. हे तिनं हिकमतीनं सांगितलं होतं असं नाही. नुसतं घेऊन जाताना माणसाची मान खाली जाते आणि तिला ते बघवत नव्हतं, इतकंच. लिंबाजीकडं आणायला काही नव्हतं. तो गेला आणि पडलेल्या घराच्या छताची लाकडं खांद्यावर घालून आला. वर्षानुवर्षांचा धूर पिऊन काळी झालेली, आतून ठणठणीत कोरडी.

"हे जळल," तो म्हणाला.

त्या लाकडांनी कित्येक चुली पेटल्या. गोवऱ्यांचाही ढीग उतरत गेला, तशी तानुबाई आपण होऊन मापावर येऊन बसली. "सरपण ठेवलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाली. ज्यांच्या चुली भिजून विरघळल्या होत्या त्यांना लाह्यांचं पीठ आणि गुळाचा खडा मिळे. म्हाळसाबाई मिठाच्या रांजणापाशी पाय पसरून बसायची आणि चिमटीत मावेल तेवढं मीठ द्यायची. कुणी जास्त मागितलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. ग्यानबा घोंगड्याची खोळ घेऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी माप पोचवून यायचा. वाटेत कुणी विचारलं की "आमच्या खणातलं हाय" असं म्हणायचा. तो खण आपण कोकरांसाठी बांधला होता हे तो सांगत नसे.

दुपारी पडवीत बसायला लोक थांबू लागले. बाहेर पाऊस, आत मेंढरांची ऊब, आणि घरातून येसराच्या आमटीचा वास. एरवी भादव्यात इतक्या सवडीनं कोण बसतं? नर्मदाबाई रोज यायची. वांग्याच्या उसऱ्या करताना फोडी केवढ्या कापायच्या, आधी मीठ लावायचं की नाही, हे तिनं कासाबाईकडून विचारून घेतलं. कासाबाईनं तिच्याकडून करडईचं तेल खवट होऊ नये म्हणून काय करायचं ते घेतलं.

मग एका सकाळी ऊन पडलं. अख्खं गाव कपडे, गोधड्या, धान्य घेऊन माळवदांवर चढलं. आणखी काही दिवसांनी जमीन वाळली तेव्हा पाटलाची पेवं उघडली. एकात कडेनं ओल गेली होती, वरची हातभर ज्वारी फेकावी लागली. बाकी सगळं शाबूत निघालं. दत्तराव स्वतः गाडीत पोती घालून ग्यानबाच्या दाराशी आला. अबोल माणूस. पोती उतरवून झाली तरी जाईना.

"आनखी काय पायजे ते सांगा," तो म्हणाला.

ग्यानबानं बायकोकडं पाहिलं. कासाबाई दाराआडून बोलली, "चावडीमागं तुमची जागा पडून हाय. तिथं दगडाचं उंच जोतं घालून द्या. वर गावाच्या कणग्या बसवू. सुगीला ज्याला जमंल तसं त्यानं टाकायचं. पुन्हा झड लागली तर माज्या तीन कणग्या पुरतील असं न्हाई."

दत्तरावानं मान डोलावली आणि तो गेला. पुढल्या उन्हाळ्यात जोतं झालं. कणग्या विणायचं काम ग्यानबाकडं आलं, आणि त्याच्या हाताखाली गावातले चार जण शिकले. संक्रांतीला वाणासोबत बायका एकेक माप ज्वारी तिथं घालू लागल्या. कुणी सवडीनं घातलं, कुणी विसरलं, एक-दोघींत मापावरून भांडणंही झाली. पण कणग्या रिकाम्या राहिल्या नाहीत. म्हाळसाबाई असेतोवर तिथंही दाणा चावून बघायला जायची. ती गेली तेव्हा तिची एक दाढ शिल्लक होती, असं ग्यानबा सांगायचा.

साठ सालच्या उन्हाळ्यात ग्यानबा घोंगड्या विकायला परभणीला गेला होता. परत आला तेव्हा कासाबाई आणि तानुबाई माळवदावर कुरड्या घालत होत्या. तो शिडीवरून अर्धा वर आला, तिथंच टेकला आणि पागोटं काढून वारा घ्यायला लागला.

"ऐकलं का. आता आपुन महाराष्ट्रात गेलोत. परभणीत पताका लावल्यात, पेढे वाटायलेत."

"मंग आदी कुठं होतो?" तानुबाईनं विचारलं.

"आदी मुंबई राज्यात. त्याच्या आदी हैदराबाद. अन् त्याच्या आदी निजाम." त्यानं बोटं मोजून पाहिली. "घर हालवलं न्हाई अन् चार राज्यं झाली बगा."

कासाबाई साच्यातून कुरडई पाडत होती. गोल पुरा करून तिनं हात थांबवला. "चांगली खबर हाय. येताना पेढा आनला का?"

ग्यानबानं कमरेची पुरचुंडी सोडली. उन्हानं पेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटले होते. तिघांनी ते तिथंच, शिडीच्या तोंडाशी बसून खाल्ले. मग कासाबाईनं बोटं चाटली आणि कापडाच्या कडेवर वाळलेली एक कुरडई उलटी केली.

"ते टोक जरा वढा," ती नवऱ्याला म्हणाली. "हिकडं सावली येयलीय."